रांजणवाडी फोडू का?

“डॉक्टर, रांजणवाडी आली आहे, फोडू का?” नेत्रतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मला दवाखान्यात आणि लग्नकार्यातही विचारला जातो. माझे उत्तर एकच असते: फोडू नका, दाबू नका, शेका.

पापणीच्या केसाच्या मुळाशी जंतुसंसर्ग होऊन लाल, ठणकणारी पुळी येते, ती रांजणवाडी. कडेपासून थोडी आत, तुरीच्या दाण्याएवढी, बहुधा न दुखणारी गाठ असेल, तर ते कॅलेझियन. पापणीच्या आत तेल स्रवणाऱ्या ग्रंथींची रांग असते. त्यांपैकी एखादीचे तोंड बुजले, की थिजलेल्या तुपासारखा स्राव आत साचतो आणि भोवती सूज धरते. म्हणूनच नुसत्या अँटिबायोटिक थेंबांनी ही गाठ विरघळत नाही. तिला ऊब लागते.

आजी तळहातावर बोट घासून पापणीवर टेकवत असे. उबेची तिची जाण खरी होती, पण ती ऊब क्षणभरच टिकते आणि बोट स्वच्छ असेलच असे नाही. उगाळलेली लवंग मात्र कृपा करून लावू नका. ती डोळ्यात उतरून बुबुळाला इजा झालेली मुले मी तपासली आहेत. धुतलेला सुती रुमाल मनगटाला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यावर ठेवा, आणि तो मिनिटा-दोन मिनिटांत निवतो म्हणून पुन्हा पुन्हा बुडवत राहा. असे दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. “शेकले, पण गुण आला नाही” म्हणणाऱ्यांना मी रुमाल किती वेळा बुडवला ते विचारते. बहुतेकांनी एकदाच बुडवलेला असतो.

रांजणवाडी साधारण आठवड्याभरात ओसरते. कॅलेझियनला काही आठवडे लागतात. महिना-दीड महिना नेटाने शेकूनही ते राहिले, तर जागा बधिर करून पापणीच्या आतल्या बाजूने छेद घेऊन ते खरवडून काढतात; बाहेर व्रण राहत नाही. वरचेवर रांजणवाड्या येत असतील, तर रक्तातील साखर जरूर तपासून घ्यावी. संपूर्ण पापणी सुजणे, ताप, डोळा हलवताना वेदना किंवा अंधुक दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. साठी उलटलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांची गाठ त्याच जागी तिसऱ्यांदा आली होती. आधी दोनदा दुसरीकडे ती काढली होती, परंतु तपासणीला पाठवली नव्हती. गाठीवरच्या पापणीचे केस गळून तेवढीच जागा उघडी पडली होती. अहवालात तेलग्रंथीचा कर्करोग निघाला. तेव्हापासून त्याच जागी परतलेली प्रत्येक गाठ मी प्रयोगशाळेत पाठवते, आणि त्या खर्चाचे कारण विचारणाऱ्या नातेवाइकांना त्या बाईंची ही हकिकत सांगते.