कमानींखालची वाट

मुंबईत सीएसएमटी स्टेशनाहून फ्लोरा फाउंटनकडे निघालेल्या माणसांना पावसाने गाठलं की त्यांच्यात दोन तट पडतात. नवखे छत्री उघडतात, जाणते असलेली छत्री मिटून कमानींखाली शिरतात. दादाभाई नौरोजी रस्ता बस, टॅक्सी आणि हॉर्न यांचाच आहे. पण इमारतींच्या पोटातून जाणारी ती दगडी पडवी निव्वळ पायी चालणाऱ्यांची. मधे एखादी गल्ली आडवी आली की चार पावलं भिजायचं, बाकी वाट कोरडी.

ही पडवी कुणा दानशूराच्या मनात आली म्हणून झालेली नाही. 1860च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि हाच रस्ता, तेव्हाचा हॉर्नबी रस्ता, रुंद झाला. पुढे 1896मध्ये नियम आला: इथे बांधायचं तर तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने लोकांना चालायला कमानींची वाट सोडायची. वर काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मालकांनी ते ठरवलंही, अगदी हौसेने. कुणी टोकदार गॉथिक कमानी काढल्या, कुणी घुमट बसवले, कुणी ग्रीक खांब उभे केले. नियमाच्याही आधीच्या, 1881च्या वाच्छा अग्यारीच्या, म्हणजे पारशी अग्निमंदिराच्या, दारात तर माणसाच्या तोंडाचे, पंखवाले बैल थेट अ‍ॅसिरियातून आल्यासारखे ठाण मांडून आहेत. एवढी खिचडी असूनही रस्ता विस्कटलेला वाटत नाही, याचं श्रेय कुठल्याही एका वास्तुकारापेक्षा त्या रुक्ष सरकारी नियमाला द्यावं लागेल.

कमानींखालून जाताना हात लावून बघावा असा दगड आहे. पिवळसर, खरखरीत तो मालाडचा. काळा तो आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट. कठीण, म्हणून ओल आणि धक्के सोसायला जोत्यात घातलेला. पांढरट, पानाफुलांची नक्षी अंगावर वागवणारा तो पोरबंदरचा चुनखडी दगड. तो मऊ, छिन्नीला लगेच वश होणारा. मात्र जो छिन्नीला वश होतो तो पाण्यालाही होतो. म्हणून या इमारतींची नक्षी आधी झिजते आणि जोतं शेवटपर्यंत टिकतं.

या इमारतींचा खरा वैरी पाणीच, आणि ते वरून येतं. गच्चीवरची पन्हळ पानांनी तुंबली की पाणी नळातून उतरायचं सोडून भिंतीत मुरतं. दोन दगडांमधला चुना विरघळून दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, मोकळ्या होतात. त्यात पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडतं. रोप कोवळं असेल तर मुळासकट निघतं. एकदा त्याने मूळ धरलं, की उपटलेलं रोप ही फक्त वरची छाटणी असते. मूळ आत राहून पुन्हा फुटतं. तेव्हा दगडांना क्रमांक घालून ते उतरवायचे, मूळ काढायचं आणि दगड होते तसे पुन्हा चुन्यात बसवायचे. पाच मिनिटांत उपटता आलं असतं ते महिन्याचं काम होऊन बसतं.

पण पिंपळापेक्षाही जास्त नुकसान सिमेंटने केलं आहे, तेही चांगल्या हेतूने. मोकळ्या दर्जा दिसल्या की गवंडी सिमेंट भरतो. काम घट्ट, साफसूफ आणि झटपट होतं. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती अडवतं. अडलेलं पाणी मग दगडातूनच वाट काढतं, सोबत क्षार आणतं. त्या क्षारांचे पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन ते फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी सिमेंटच्या रेघा उठून दिसतात आणि दगड खोल गेलेला असतो. योग्य काम कंटाळवाणं आहे: फट रुंदीच्या साधारण दुप्पट खोल कोरायची, धुऊन ओली ठेवायची, एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू धरून मसाला दाबून भरायचा आणि वर ओली गोणपाटं टाकून काही दिवस सावकाश वाळू द्यायचा. घाईने वाळला तर तडकतो. दर्जा भरण्याचा धीर असलेला गवंडी मिळणं, ही निम्मी दुरुस्ती.

लोखंडाचं दुखणं निराळं. मजल्यांच्या तुळया पाणी लागून गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि वरचा दगड किंवा गिलावा फोडून बाहेर येतो. पडवीच्या छताला तुळईच्या रेषेत सरळ तडा दिसला, तर तो रंगाने झाकायचा नसतो.

मग पाट्या. एके काळी कमानीचा माथा, खांबाचं शिर, काहीही न बघता फलक ठोकले जात. मुंबईत 1995मध्ये वारसा नियमावली आली. त्यानंतर या रस्त्यासाठी साधी शिस्त ठरली की पाटी कमानीच्या पोकळीत बसवावी, दगडी कोरीवकाम झाकू नये. 2004मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. दुकानं त्यामुळे कुणाला सापडेनाशी झाली नाहीत.

वाटेच्या शेवटी फ्लोरा फाउंटन. 1864चं हे कारंजं पोर्टलंड या इंग्लंडच्या चुनखडी दगडाचं, पण वर्षानुवर्षं त्यावर ऑइलपेंटचे थर चढत गेले, जणू माथ्यावरची फ्लोरा देवी दरवर्षी रंगवायचीच असते. थर उतरवून, नळ दुरुस्त करून 2019च्या जानेवारीत ते पुन्हा सुरू झालं.

या इमारती बघायच्या तर एक गोम आहे. कमानींखालून चालताना इमारत दिसतच नाही. ती समोरच्या बाजूने बघावी लागते. पश्चिमेकडच्या रांगेवर सकाळचं ऊन येतं, पूर्वेकडच्या रांगेवर दुपारनंतरचं. रविवारी सकाळी शटर खाली असतात आणि मान वर करायला जागा मिळते. हाच बेत सोमवारी साडेनऊला केलात, तर लोकलमधून उतरलेला लोंढा एकही कमान नीट बघू न देता तुम्हाला थेट फाउंटनला पोचवेल.