झड उघडल्यावर युरियाची घाई नको

झड (सलग चाललेला पाऊस) उघडली की सखल वावरातली पऱ्हाटी (कपाशी) पिवळी दिसते आणि हात सरळ युरियाच्या पोत्याकडे जातो. आधी पिवळेपणा कुठून सुरू झाला ते पाहा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी पडलंय, कारण झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला देतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता. तिथे युरियाचा उपयोग नाही.

नत्र गेलं कुठे? पऱ्हाटी ते बहुतेक नायट्रेटच्या रूपात घेते. भारी काळ्या जमिनीत दोन-तीन दिवस पाणी साचलं की मातीतली हवा संपते. मग काही जिवाणू नायट्रेटमधलाच ऑक्सिजन वापरतात आणि नत्राचा वायू होऊन उडतो. गुदमरलेली मुळं उरलेलंही उचलत नाहीत. अशा चिखलात युरिया फेकणं म्हणजे पैसाच फेकणं.

म्हणून आधी धुऱ्याकडे (बांधाकडे) चर काढून पाणी बाहेर काढा. मुळं सावरेपर्यंत 2 टक्के युरियाची फवारणी करा: 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. भर उन्हात पानांच्या कडा करपतात.

जमिनीतून खत वाफसा आल्यावरच, म्हणजे चिखल जाऊन माती ओलसर पण मोकळी झाल्यावर. 45 किलोच्या पोत्यात नत्र 20.7 किलो. युरियाच्या राहिलेल्या हप्त्यातून एकरी अर्धं पोतं झाडापासून वीतभर अंतरावर, चार बोटं खोल द्या आणि मातीने झाका. हे झाकणंच सगळ्यात जास्त चुकतं. ओल्या मातीवर उघड्या दाण्याचा अमोनिया होतो आणि आपल्या चुनखडीच्या, 8 च्या आसपास सामू (pH) असलेल्या जमिनीतून तो झपाट्याने उडतो. खाली गेला की चिकणमाती त्याला अमोनियमच्या रूपात धरून ठेवते. मजूर मिळत नसेल तर निदान ओळीत टाकून लगेच डवरा (कोळपं) फिरवा.

सोयाबीनचा हिशेब वेगळा. पस्तीस-चाळीस दिवसांचं रोप मुळासकट खणून काढा (उपटलं तर गाठी जमिनीतच राहतात) आणि गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर ती हवेतलं नत्र बांधतेय. वरून युरिया दिला तर ते काम मंदावतं. पांढरी किंवा हिरवट असेल, तर पुढच्या पेरणीला बियाण्याला आधी बुरशीनाशक लावून वाळवा आणि रायझोबियम (या गाठी करणारे जिवाणू) सगळ्यात शेवटी, सावलीत लावा.