भिंतीवर न मावणारं काम

मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनाचे दिवस आले की आम्ही उपयोजित कलावाले (पोस्टर, जाहिराती करणारे) घरी फक्त अंघोळीपुरते जायचो. रात्री उशिरापर्यंत माउंटिंग, रबर सोल्युशनचा वास, बोटांवर कटरच्या चिरा. एका वर्षी मी स्वतःच्याच पोस्टरवर चहा सांडला आणि तो डाग मुद्दाम केलाय असं परीक्षकांना सांगून वेळ मारून नेली. त्यांना पटलं नसणार, पण हसले.

माझे बाबा दर वर्षी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. आमच्या इमारतीत पाच मिनिटं, मग थेट पलीकडे फाइन आर्टला. निसर्गचित्रांसमोर हात मागे बांधून उभे. “तुमच्यात काय, साबणाच्या जाहिराती!”

दुसऱ्या वर्षाला असताना डिस्प्ले लावता लावता आमच्या एका सरांनी रिकाम्या सॉफ्टबोर्डकडे बोट दाखवून विचारलं, “सुधाकर नाडकर्णींचं काम इथं कसं लावाल?” नाव आम्हाला नवीन होतं. जेजेचाच विद्यार्थी, साठच्या दशकात जर्मनीत उल्मला गेला. उल्मची ती डिझाइनची शाळा १९५३ साली सुरू झाली आणि १९६८ साली बंदही पडली, पण चमचा-स्टुलापासून रेडिओपर्यंत रोजच्या वस्तूंचा गांभीर्याने विचार करायला तिने जगाला लावलं. तिथं पदविकेसाठी नाडकर्णींनी विषय कुठला घ्यावा? मुंबईचं दूध केंद्र! पुढे १९६९ साली पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प (इंडस्ट्रियल डिझाइन) केंद्र उभं राहिलं, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. उतारवयात आराम करायचा तर हे गृहस्थ गुवाहाटीला गेले आणि तिथल्या आयआयटीत अभिकल्पाचा विभाग रुजवला.

त्या संध्याकाळी बाबा आले, तेव्हा सरांसोबत चहा घेताना मी त्यांना हे सांगितलं. दूध केंद्र म्हटल्यावर बाबांचा कप हातातच राहिला. आमच्या घरी पहाटेचं दूध आणायचं काम त्यांचं. कार्ड, रांग, अर्ध्या लिटरच्या काचेच्या बाटल्या, त्यांची पातळ ॲल्युमिनियमची टोपणं (ती जमवून मी दिवाळीत तोरण करायचो).

“रिकाम्या बाटल्या कुठं ठेवायच्या, याचा विचार केला होता का त्यांनी? आणि खिडकी किती उंचीवर? बुटक्या बाईला हात पोचायला नको?”

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. सर मात्र खूश झाले. बाबांना घेऊन पुन्हा त्या रिकाम्या बोर्डापाशी गेले आणि दोघं अर्धा तास बाटल्यांवर बोलत उभे होते. निसर्गचित्रं त्या वर्षी राहूनच गेली.

नंतर पवईची प्रदर्शनंही मी चुकवली नाहीत. तिथं ‘हात लावू नये’ची पाटी कमी आणि बसून बघा, ओढून बघा असंच जास्त. कार्यशाळेतल्या लाकडाच्या भुश्शाचा वास मला रबर सोल्युशनइतकाच आवडायला लागला. एका वर्षी बाबांना घेऊन गेलो. गुडघे दुखत होते, तरी एका हातगाडीच्या मॉडेलपाशी उकिडवे बसले आणि उभ्या असलेल्या मुलीला म्हणाले, “बाळा, पंक्चर झालं तर हे चाक रस्त्यात कसं काढायचं?”

मुलीने आधी चाकाकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि कानामागची पेन्सिल काढली.