सोलापुरात हॅरियर मोजायचे असतील तर डोंगर चढू नका

आमच्या चार दिवसांपैकी पहिला दिवस पूर्ण फुकट गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

उत्तरेकडून येणारे हॅरियर आणि दुसरे शिकारी पक्षी मोजायला ऑक्टोबरात सोलापूरला जायचं ठरलं, तेव्हा एका जुन्या पक्षीनिरीक्षकाने छातीठोकपणे सांगितलं, "तुळजापूरच्या घाटात बालाघाटाच्या कडेला बसा, डोक्यावरून रांग लागते." आम्ही तिघं साताऱ्याचे, डोंगरावर वाढलेले. शंका घ्यावी असं वाटलंच नाही.

स्टेशनाबाहेर जीप ठरवली, जाऊन-येऊन अडीच हजार. कोजागिरी दोन दिवसांवर आली होती. या दिवसांत सोलापूरकडून आणि कर्नाटकातून हजारो माणसं पायी तुळजापूरला जातात आणि त्यांच्यासाठी तो रस्ता वाहनांना बंद ठेवतात. सोलापुरात हे पोराटोरांना ठाऊक आहे, जीपवाल्यालाही होतं. निघताना तो अवाक्षर बोलला नाही. लांबचा वळसा घालून नेलं आणि संध्याकाळी परत सोडताना चार हजार मागितले. अर्धा तास वाद घालून शेवटी साडेतीन दिले. पैशांपेक्षा गप्प राहून फसवल्याचा राग अजून जात नाही. कोजागिरीच्या आगेमागे त्या बाजूला जाऊच नका. जायचंच असेल तर वळशासकट भाडं आधी ठरवा आणि ते मोबाईलवर लिहून घ्या.

घाटात नऊ ते दोन बसलो. ऊन तापलं तशी गरम हवा वर चढू लागली आणि तिच्यावर घिरट्या घालत घारी वर गेल्या. स्थानिक घारी. त्याच त्या कड्यामागे जायच्या आणि पुन्हा समोर यायच्या, त्यामुळे मोजण्यात काही अर्थच नव्हता. एक शिक्रा, दोन कापशी, आणि फार उंचावरून गेलेला एक गरुड, ज्याचं नाव आम्ही वहीत लिहिलं आणि मग खोडलं. पाच तासांची एवढीच कमाई.

असं का झालं, ते रात्री खोलीवर बसून नीट समजून घेतलं. डोंगरावरून मोजणी जमते ती पक्ष्यांची वाट चिंचोळी होते तिथे. जॉर्जियातल्या बाटुमीला एका बाजूला काळा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कॉकेशस, त्यामुळे एका हंगामात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी त्या फटीतून जातात. नेपाळात पोखऱ्याजवळ थुलाखर्कावरून हिमालयाच्या कडेने पश्चिमेला जाणारे स्टेप गरुड मोजतात. सोलापूरच्या पठारावर असा चिमटा कुठेच नाही. शिवाय इथे येणारा मुख्य पाहुणा म्हणजे हॅरियर, आपला भोवत्या. तो गरुडासारखा गरम हवेवर अवलंबून नसतो. पंख मारत, रुंद फळीवर पसरून येतो. आणि सोलापूर ही त्याची वाट नाही, मुक्काम आहे. कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून येऊन तो हिवाळाभर इथल्या माळांवर टोळ खात राहतो. म्हणजे त्याला मोजायचं ते संध्याकाळी, झोपायच्या जागी. हॅरियर झाडावर झोपत नाहीत. उंच गवतात, जमिनीवर, बऱ्याचदा घोळक्याने रात्र काढतात.

दुसऱ्या दिवशी नान्नजला चहा पिताना एका मेंढपाळ मामांनी हेच एका वाक्यात सांगितलं. "पाव्हणं, डोंगरावर कशाला गेलता? ही पाखरं दिस बुडायच्या टायमाला हितंच झोपाय येत्यात की."

नान्नज सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर. माळढोक अभयारण्य इथलंच, १९७९ सालचं. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय टाकू नका. आम्ही बसलो तो माळ अभयारण्याबाहेरचा होता, मालकाला विचारून बसलो. नेमका कुठला ते लिहिणार नाही, कारण तिथे गर्दी झाली तर पक्षी जागा सोडतील.

आता त्या वाटेबद्दल. डांबरी संपल्यावर तीन किलोमीटर काळ्या रानातली गाडीवाट आहे. आदल्या रात्री परतीचा पाऊस पडून गेला होता. वरून माती सुकलेली दिसते, पण शंभर पावलांत मोटारसायकलचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल असा गच्च बसतो की चाक फिरतच नाही. काठीने उकरायचं, दहा पावलं जायचं, परत उकरायचं. बाभळीच्या काठ्या मोडल्या, चावीने उकरलं, हाताने उकरलं. तीन किलोमीटरला दोन तास दहा मिनिटं लागली. पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि पक्षी झोपले होते. दुसरी संध्याकाळही गेली. गाडी डांबरीवरच लावा आणि चालत जा. दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर "मधून सुकलंय" असं कुणीही सांगितलं तरी ऐकू नका.

आणि कुसळ. ऑक्टोबरात कुसळी गवत पिकायला लागतं. मोज्यांतून, बुटाच्या जाळीतून आत शिरतं आणि टोचत राहतं. जाळीचे ट्रेकिंगचे बूट इथे अगदी निरुपयोगी. चामड्याचे बूट आणि वर घट्ट पायपट्टी, दुसरं काही नको.

तिसरा दिवस हिप्परगा तलावावर, छान गेला.

चौथ्या दिवशी चारलाच चालत माळावर गेलो. तिघं तीन दिशांना तोंड करून, गवतापासून लांब बांधावर बसलो. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पाचपासून नोंद सुरू केली. दर दहा मिनिटांना आत उतरलेले वेगळे, उठून गेलेले वेगळे, शेवटी वजाबाकी. ही वजाबाकी टाळू नका, कारण पक्षी दोन-तीनदा उठून पुन्हा बसतात. बरेचसे आधी शेजारच्या नांगरटीत ढेकळांवर उतरून थांबतात. ते गवतात जाईपर्यंत मोजायचे नाहीत.

ओळखीच्या बाबतीत हट्ट सोडा. नर सोपे आहेत. राखाडी पाठ आणि पंखावर काळी पट्टी असेल तर माँटेग्यू हॅरियर. फार फिकट आणि पंखाच्या टोकाला अरुंद काळी पाचर असेल तर पॅलिड हॅरियर. माद्या आणि पिल्लं मात्र तपकिरी, संधिप्रकाशात अगदी एकसारखी. मानेभोवतीची फिकट पट्टी स्वच्छ दिसली तरच पॅलिड लिहा, नाहीतर सरळ "हॅरियर, अनोळखी". आमच्या वहीत अनोळखीच जास्त आहेत आणि ती वही मला खरी वाटते.

पाच वाजून पस्तीस मिनिटांपर्यंत फक्त चार पक्षी. मला वाटलं, हाही दिवस गेला. मग पश्चिमेकडून ते यायला लागले, गवताच्या शेंड्यांना घासून, पंख इंग्रजी व्हीसारखे उचललेले, काही आवाज नाही. एकावेळी दोन, मग पाच, मग तिन्ही दिशांना एकदम. माझा मित्र आकडे पुटपुटत होता आणि त्याचा आवाज कापत होता. सहा दहाला शेवटचा उतरला. एकतीस आत, तीन बाहेर, अठ्ठावीस. ज्या माळावर ते उतरले त्याच्या एका अंगाला द्राक्षबाग आहे, दुसऱ्या अंगाला नवी नांगरट. मधलं गवत शिल्लक आहे तोवर जाऊन या.

जेवणाची सोय माळावर नाही. सोलापुरातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून न्या. निघताना बॅटरीचा उजेड पायाशीच ठेवा आणि बांधावरूनच परत या. गवतातून आडवं जाणं जवळ पडतं, पण तिथे ते झोपलेले असतात.