पोच घेतल्याशिवाय उठायचे नाही : सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा माझा अनुभव

मी गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील एका गोंड गावात राहते. बारावीपर्यंत शिकलेली म्हणून ग्रामसभेने मला वनहक्क समितीचे सचिवपद दिले, तेव्हा जंगलावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा २००६ चा वनहक्क कायदा मी नुसता ऐकून होते. दावा मंजूर होईपर्यंत जे शिकले, त्यात एका स्थानिक संस्थेचा वाटा फार मोठा आहे.

इतर संस्था आमच्याकडे त्यापूर्वीही येत असत. थंडीत घोंगड्या, शाळा सुरू होताना वह्या, कधी आरोग्य शिबिर. त्यांचा उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. पण मिरची तोडायला तेलंगणात माणसे नेणारी गाडी त्यामुळे एकाही वर्षी रिकामी परतली नाही. या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी मात्र कोणतीही वस्तू वाटली नाही. आमच्याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क कसा मिळाला आणि २०११ मध्ये बांबू बाहेर नेऊन विकण्यासाठी लागणाऱ्या वाहतूक परवान्याचे पुस्तक तिथल्या ग्रामसभेच्या हाती कसे आले, ते सांगून त्यांनी आम्हाला अभ्यासगट सुरू करायला लावला. दर आठवड्याला कायद्याचे एकेक कलम वाचायचे आणि त्याचा अर्थ गोंडीत बोलायचा, असा तो क्रम होता.

पुराव्यांसाठी संस्थेने जुने निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या जंगल-वापराच्या हक्कांची सरकारी नोंद, मिळवून दिले. ज्येष्ठांचे जबाब मात्र आम्हीच लिहून घेतले. सीमा मोजताना जीपीएस यंत्र संस्थेचे होते, वाट दाखवणाऱ्या आमच्या आज्या होत्या. एका नाल्यापाशी नकाशा आणि जमीन यांचा मेळ बसेना, तेव्हा एका आजीने मोहाच्या दोन झाडांकडे बोट दाखवले. अलीकडच्या झाडाची फुले आमच्या गावच्या बाया वेचतात आणि पलीकडच्या झाडाची शेजारच्या गावच्या, असे तिने सांगितले. शेजारच्या गावाच्या ज्येष्ठांनीही तेच सांगितले आणि तिथला बिंदू पक्का झाला.

एवढे करूनही पडताळणीच्या वेळी वनविभागाचा प्रतिनिधी हजर नव्हता, या कारणावरून दावा परत आला. त्या रात्री अनेकांचा धीर सुटला. कार्यकर्त्यांनी २०१२ च्या सुधारित नियमांतील तरतूद वाचून दाखवली : अशा हरकतीवरून दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे येतो, आणि प्रतिनिधी पुन्हा गैरहजर राहिले तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम असतो. मग आम्ही तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून नोटीस तयार केली. ती घेऊन निघताना संस्थेचे एक कार्यकर्ते, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, मला म्हणाले, “ताई, पोच घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही.” मी वनविभागाच्या कार्यालयातल्या बाकावर दुपारपर्यंत बसले आणि शिक्का, सही, तारीख असलेली प्रत घेऊनच परतले. फेरपडताळणीला कोणी आले नाही. पंचनाम्याला ती पोच जोडली आणि या वेळी दावा पुढे सरकला.

हक्कपत्र आले म्हणून घरे एकदम बदलली नाहीत. बदल दिसू लागला तो तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, हंगामात. पूर्वी सत्तर पानांच्या पुड्याला फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, जो भाव सांगितला जाई, तो आम्ही निमूट घेत होतो. आता लिलाव ग्रामसभा करते, हिशेब सर्वांसमोर वाचला जातो, आणि मजुरी वाटून उरलेल्या पैशांतून काय करायचे हेही तिथेच ठरते. मिरचीला जाणारी गाडी अजून येते. पण लेकरांची शाळा सोडवून सगळे घर तिच्यात चढते, असे आता कमी होते.

संस्थेबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती मी दादांना समोरही सांगितली. प्रकल्पाची मुदत संपली तसे त्यांचे येणे थांबले. दावा कसा करायचा ते आम्ही शिकलो होतो. पण ठेकेदाराशी करार, कॅशबुक आणि लेखापरीक्षण शिकायचे राहून गेले होते. पहिल्या हंगामाचा हिशेब जुळवताना मी कित्येक रात्री जागले. हक्क मिळाल्यानंतरची दोन वर्षे ही खरी सोबतीची वेळ असते, हे अशा संस्थांना निधी देणाऱ्यांनी समजून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

यंदा कॅशबुक गावातल्या दोन मुली लिहितात. तेंदूच्या लिलावाची सूचना द्यायला मी त्यांनाच पाठवले होते. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी आधी पोच माझ्या हातात दिली आणि मग पाणी मागितले.