यंदा पॅकर्स कुणाला घेणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर एप्रिलमधला ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, जवळ आली की हा विषय मी स्वतःहून काढत नाही. विस्कॉन्सिनमध्ये राहायचं आणि त्यातून ग्रीन बे पॅकर्स या इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा एक शेअर आपल्या नावावर असायचा, म्हणजे फेब्रुवारीपासून सुटका नाही. ऑफिसात कॉफी घेताना, मराठी मंडळाच्या पाडव्याला श्रीखंडाच्या रांगेत, सगळीकडे तेच: "मग, यंदा पॅकर्स कुणाला घेणार?"

(शेअर ऐकून मला मालकीणबाई समजू नका. २०२१ च्या हिवाळ्यात विक्रीला काढले तेव्हा ३०० डॉलर मोजून एक घेतला. लाभांश नाही, पुढे विकता येत नाही. सासऱ्यांच्या साखर कारखान्याच्या शेअरवर निदान दिवाळीला स्वस्तात साखर तरी मिळते.)

अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे. इथे बोली लागत नाही. कॉलेजात खेळून बाहेर पडणारी मुलं, ३२ संघ, सात फेऱ्या. गेल्या मोसमात सगळ्यांत मागे पडलेला संघ आधी निवडणार, विजेता शेवटी. आपली पाळी येईपर्यंत हवा तो मुलगा उरला तर आपला. पाळ्यांची देवाणघेवाण मात्र चालते, आणि तिथेच माझ्यासारख्यांच्या भाकितांचे बारा वाजतात.

माझं उत्तर कित्येक वर्षं एकच होतं: वाइड रिसीव्हर, म्हणजे धावत जाऊन लांबचा पास झेलणारा. चूक वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. २०२० चंच बघा. आदल्या मोसमात संघ १३ सामने जिंकून सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, एक पायरी खाली थांबलेला, क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, ॲरन रॉजर्स ३६ वर्षांचा, त्याला झेलणारा एखादा चांगला गडी दिला की झालं. त्या वर्षी पहिल्या फेरीत सहा रिसीव्हर गेले. पॅकर्सनी मायामीच्या संघाला चौथ्या फेरीतली पाळी देऊन ३० वरून २६ वर उडी घेतली तेव्हा मी सोफ्यावरून उठून उभीच राहिले. आणि घेतला कोण? जॉर्डन लव्ह. क्वार्टरबॅक! सातही फेऱ्यांत मिळून एक रिसीव्हर नाही. त्या रात्री नवऱ्याने आमटीत मीठ जास्त पडल्याचंसुद्धा बोलून दाखवलं नाही.

नंतर शांतपणे आठवलं, की २००५ मध्ये याच संघाने हेच केलं होतं. तेव्हाचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह ३५ वर्षांचा असताना त्यांनी २४ व्या क्रमांकावर एक क्वार्टरबॅक घेतला होता, आणि तो हाच रॉजर्स. आज निर्णय घेणारे जनरल मॅनेजर ब्रायन गुटेकुन्स्ट त्याच कचेरीत वाढलेले. म्हणजे उत्तर डोळ्यांसमोर होतं, मी बघत होते भलतीकडे.

तरी खोड गेली नाही. २०२२ मध्ये आमचा रिसीव्हर दावांते ॲडम्स रेडर्स या दुसऱ्या संघाकडे गेला आणि बदल्यात आलेल्या पाळीमुळे आमच्याकडे पहिल्या फेरीत दोन पाळ्या झाल्या. मी म्हटलं, दोनातला एक तरी रिसीव्हर. दोघेही डिफेन्सचे, म्हणजे बचावफळीतले, निघाले, तेही एकाच जॉर्जिया विद्यापीठाचे.

मग मी वही घातली. संघाला काय कमी आहे ते लिहायचं नाही, ते तर रस्त्यावरचा माणूसही सांगेल. हा गुटेकुन्स्ट कुठल्या फेरीत काय उचलतो तेवढंच लिहायचं. २०१८ ते २०२३ या काळात पहिल्या फेरीतून आठ जण आले, त्यांत लव्ह सोडला तर सगळे डिफेन्सचे. रिसीव्हर पॅकर्सना नको असतात असंही नाही. ग्रेग जेनिंग्ज, जॉर्डी नेल्सन, रँडल कॉब, ॲडम्स आणि अलीकडचे क्रिस्चन वॉटसन, जेडन रीड, सगळे दुसऱ्या फेरीतले. पहिल्या फेरीत तोवरचा शेवटचा रिसीव्हर घेतला होता २००२ मध्ये.

एवढा अभ्यास झाल्यावर २०२५ मध्ये मी छाती पुढे काढून सगळ्यांना सांगितलं, रिसीव्हर विसरा, डिफेन्सचाच येणार. त्या वर्षी ड्राफ्ट नेमका ग्रीन बेमध्ये, पॅकर्सच्या लॅम्बो फील्ड मैदानाच्या दारात होता. २४ एप्रिलच्या त्या गर्दीत मीही होते. २३ व्या पाळीला क्लबचे अध्यक्ष मार्क मर्फी माइकपाशी आले आणि नाव घेतलं टेक्ससच्या मॅथ्यू गोल्डनचं. वाइड रिसीव्हर. बाजूचे लोक आनंदाने एकमेकांच्या अंगावर पडत होते. मीही ओरडले, पण सोबतची मैत्रीण माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ते अजून आठवतं.

तर यंदाचं, म्हणजे २०२६ चं. ड्राफ्ट पिट्सबर्गला, आणि पहिल्या फेरीत आमची पाळीच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये डिफेन्सच्या मायका पार्सन्सला डॅलसच्या संघाकडून आणलं, त्याची किंमत म्हणून २०२६ आणि २०२७ च्या पहिल्या फेरीतल्या पाळ्या गेल्या, वर आमचा खेळाडू केनी क्लार्कही गेला. म्हणजे दोन वर्षांचं उत्तर आधीच हिरव्या जर्सीत आहे.

उरली दुसरी फेरी. ज्याला विचाराल तो म्हणतोय कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या रिसीव्हरला अडवणारा, कारण जैर अलेक्झांडरला सोडल्यापासून ती जागा लंगडी आहे. वहीचं म्हणणं वेगळं. गुटेकुन्स्टनी आजवर पहिल्या फेरीत दहा जण घेतले, त्यांत सात डिफेन्सचे. दुसऱ्या फेरीतही दहाच, पण तिथे सात ऑफेन्सचे, म्हणजे आक्रमणफळीतले. दुसऱ्या फेरीतला कॉर्नरबॅक एकच, २०१८ चा जॉश जॅक्सन, आणि त्याचं पुढे फारसं काही झालं नाही.

म्हणून मी ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे क्वार्टरबॅकची राखण करणाऱ्या फळीतला, एखादा धिप्पाड गडी लिहिलाय, पेन्सिलीने. नवरा कॉर्नरबॅकवर अडून बसलाय. हरणाऱ्याने मंडळाच्या पुढच्या जेवणाच्या पुरणपोळ्या लाटायच्या ठरलंय, आणि खरं सांगू का, मी डाळ आत्ताच आणून ठेवली आहे.