मांडीतला तुकडा आणि नियतकालिकाचा मालक

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावच्या एका निवृत्त हवालदारांचा एक्स-रे काल पुन्हा उजेडात धरून पाहिला. मांडीच्या हाडालगत तांदळाच्या दाण्याएवढा पांढराशुभ्र ठिपका आहे. बॉम्बगोळ्याचा तो तुकडा काढण्यापेक्षा राहू देणे बरे, असे फार पूर्वीच ठरले आहे. “डॉक्टरसाहेब, ह्यो पेन्शनीगत हाय, आता माझ्यासंगंच जायचा,” असे ते हसत म्हणाले.

ते गेल्यावर ‘द लॅन्सेट’चे जुने प्रकरण आठवले. १८२३ साली सुरू झालेले हे ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिक १९९१ मध्ये एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेकडे गेले. तिचीच मूळ कंपनी, रीड एल्सव्हिअर, लंडनमध्ये दर दोन वर्षांनी भरणाऱ्या शस्त्रास्त्रांच्या बाजाराचे आयोजन करत होती. इराक युद्धातल्या मृत्यूंचे अंदाज २००४ आणि २००६ मध्ये ज्या नियतकालिकाने छापले, त्याच्या मालकाच्या तिजोरीत शस्त्रांच्या दालनांचे भाडेही जमा होत होते. २००५ मध्ये संपादकांनी स्वतःच्याच पानांवर मालकाला हा धंदा सोडण्यास सांगितले, जगभरच्या डॉक्टरांनी पत्रे लिहिली, आणि संरक्षण उद्योग कायदेशीर आहे असे उत्तर देणाऱ्या कंपनीने अखेर जून २००७ मध्ये माघार जाहीर केली.

कंपनीचे ते उत्तर मला सरसकट खोटे ठरवता येत नाही. ज्या जिल्ह्यात गावेच्या गावे फौजेत जातात, तिथे दवाखाना चालवून शस्त्र म्हणजे पाप असे म्हणणे मला शोभणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे: आम्ही लेख फुकट लिहितो, दुसऱ्यांचे लेख फुकट तपासतो, आणि त्या श्रमातून मिळवलेली प्रतिष्ठा मालक कुठल्या दुकानाच्या पाटीवर लावतो, हे मात्र आम्हाला कोणी विचारत नाही.

तरीही एक गोष्ट कंपनीच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे. लॅन्सेटच्या संपादकांची खुर्ची या भांडणात गेली नाही. याउलट कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एका बातमीवरून प्रकाशकाशी खटका उडाल्यानंतर, फेब्रुवारी २००६ मध्ये संपादक जॉन होई यांना काढून टाकण्यात आले. आणि ती संघटना तर डॉक्टरांचीच होती.